लघवीतून प्रथिने जाणाऱ्या कुत्र्यासाठी 'रीनल' खाद्य : एक परीक्षण

मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्या कुत्र्यांच्या लघवीतून प्रथिने जातात, त्यांच्यासाठी 'रीनल' या नावाने मिळणाऱ्या कोरड्या खाद्याचे हे परीक्षण आहे. आमची चिंगी नऊ वर्षांची, वीस किलो वजनाची, जातीने गावठी आणि स्वभावाने चोखंदळ आहे; गेले वर्षभर ती हेच खाते. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना अशा कंपन्यांची ही खाद्ये आपल्याकडे मिळतात, त्यांची घडण एकाच तत्त्वावर बेतलेली असते, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक सगळे कोणत्याही थैलीला लागू पडावे. निष्कर्ष आधीच सांगते. खाद्य चांगले आहे आणि परवडत असेल तर घ्यावे. पण प्रथिनगळतीच्या उपचारात त्याचा क्रमांक तिसरा लागतो. पहिला लघवीच्या एका विशिष्ट तपासणीचा, दुसरा रोज द्यायच्या टेल्मिसार्टन या स्वस्त गोळीचा. दुकानात आणि पुष्कळदा दवाखान्यातही हा क्रम उलटा होतो: थैली पहिल्या दिवशी हातात पडते, गोळीचे नाव बऱ्याच उशिरा निघते आणि तपासणी होतच नाही.

ही तपासणी म्हणजे लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होऊन मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर, ज्याला सगळे 'यूपीसी' म्हणतात. कुत्र्यात हे 0.2 च्या खाली असेल तर ठीक, 0.2 ते 0.5 म्हणजे काठावर आणि 0.5 च्या वर राहू लागले की प्रथिने जात आहेत असे धरतात. लघवीत बुडवायच्या रंगीत पट्टीवर प्रथिनांपुढे एक-दोन अधिक चिन्हे आली म्हणून निदान होत नाही, कारण लघवी किती दाट आहे यावर तो रंग ठरतो आणि लघवी अल्कधर्मी असली तर पट्टी खोटाही कौल देते. शिवाय मूत्राशयाला संसर्ग झालेला असेल तर तिथली प्रथिने लघवीत मिसळतात, त्यामुळे लघवीची साधी तपासणी आणि शक्यतो कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, आधी करून संसर्ग नाही ना याची खात्री करावी लागते. यूपीसी 2 च्या पुढे गेले की दोष बहुधा मूत्रपिंडातल्या गाळण्यांचा, म्हणजे ग्लोमेरुलसचा असतो. चिंगीचा पहिला आकडा 3.8 होता. त्याच वेळी रक्तातले क्रिएटिनिन 1.3 म्हणजे नेहमीच्या मर्यादेत होते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. 'किडनी प्रोफाइल नॉर्मल' असा कागद हातात असताना कुत्र्याचे अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले मुख्य प्रथिन, मात्र 2.1 पर्यंत घसरलेले असू शकते.

आपल्याकडे या गळतीमागे गोचीड ताप असण्याची शक्यता मोठी आहे. एर्लिकिया, बबेसिया यांसारखे गोचिडांतून येणारे जंतू, हृदयातला जंत, नर-मादी भेद न करता कोणालाही होणारा लेप्टो, माद्यांमध्ये गर्भाशयात साचलेला पू, अशा दीर्घकाळच्या दाहातून तयार झालेले प्रतिपिंडांचे गोळे या गाळण्यांत अडकतात आणि त्या खराब करतात. काही जातींत दोष आनुवंशिकच असतो. इंग्लिश कॉकर स्पॅनियल, सामोयेड, सॉफ्ट कोटेड व्हीटन टेरियर ही त्याची ठाऊक असलेली उदाहरणे. कारण सापडले तर त्यावर इलाज आधी करायचा, हे उघड आहे. चिंगीच्या बाबतीत एर्लिकियाची चाचणी सकारात्मक आली, डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स झाला, गळती थोडी उतरली पण थांबली नाही. मूळ आजार गेला तरी गाळणीला झालेली इजा मागे राहते. पुढे बायॉप्सी करता येते, पण तिचा खरा उपयोग व्हायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारख्या सोयी लागतात. आमच्या डॉक्टरांनी तो मार्ग लगेच सुचवला नाही आणि मला तो निर्णय पटला.

आता थैलीकडे वळते. कुत्र्यासाठी औषधी खाद्य तयार करण्याची कल्पनाच मुळात मूत्रपिंडापासून सुरू झाली. अमेरिकेत न्यू जर्सीतले पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी 1939 च्या सुमारास मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांच्या 'बडी' नावाच्या मार्गदर्शक कुत्र्यासाठी, त्याची मूत्रपिंडे खालावली म्हणून, कमी प्रथिनांचे आणि कमी मिठाचे अन्न घरी शिजवून दिले. ते पुढे 1948 मध्ये हिल पॅकिंग कंपनीने डब्यात भरून विकायला घेतले. तेव्हापासून तत्त्व फारसे बदललेले नाही, फक्त फॉस्फरसचे महत्त्व नंतर नीट कळले. आज रीनल खाद्य म्हणजे प्रथिने बेताची पण चांगल्या प्रतीची, फॉस्फरस बराच कमी, मीठ कमी, माशाच्या तेलातले ओमेगा-3 जास्त, आणि उष्मांक भरून काढण्यासाठी चरबी भरपूर.

आकड्यांत सांगायचे तर आमच्या थैलीवर प्रथिने 14 टक्के लिहिलेली आहेत. नेहमीच्या कोरड्या खाद्यांत ती वीस ते अठ्ठावीस टक्क्यांच्या दरम्यान असतात, आणि प्रौढ निरोगी कुत्र्याच्या खाद्यासाठी अमेरिकेतली 'आफ्को' ही संस्था जी किमान पातळी सांगते ती कोरड्या वजनावर 18 टक्के आहे. म्हणजे हे खाद्य निरोगी कुत्र्यासाठीच्या किमान पातळीच्याही खाली मुद्दाम ठेवलेले आहे. त्यात चरबी जास्त असल्यामुळे वाटीभर दाण्यांतून उष्मांक अधिक मिळतात, मग द्यायचे प्रमाणही कमी होते, आणि प्रत्यक्षात पोटात जाणारी प्रथिने टक्केवारीवरून वाटतात त्याहूनही कमी ठरतात. पाऊचमधल्या ओल्या खाद्यावर मात्र लहान आकडा वाचून ते आणखी कमी आहे असे समजू नये. त्यात तीन चतुर्थांश पाणीच असते. फॉस्फरसचा आकडा सगळ्याच कंपन्या ठळकपणे छापत नाहीत. तो शोधून पाहावा, कारण मूत्रपिंडाच्या दृष्टीने प्रथिनांपेक्षा तोच जास्त महत्त्वाचा आहे असे मी म्हणेन.

इथे एका गैरसमजाशी भांडावे लागते, आणि तो गैरसमज प्रेमापोटी होतो. 'हिच्या अंगातून प्रोटीन जातंय ना, मग रोज दोन अंडी आणि चिकन द्या' हा सल्ला मला सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी दिला, आणि त्यात एक निवृत्त डॉक्टरही होते. वरवर पाहता तो तर्कशुद्ध वाटतो. पण प्रथिने जास्त पोटात गेली की मूत्रपिंडाच्या गाळण्यांमधला दाब आणि गाळण्याचा वेग वाढतो, आधीच फाटलेल्या जागेतून अल्ब्युमिन अधिक जोराने बाहेर पडते, आणि जी प्रथिने त्या नाजूक नळ्यांमधून वाहतात ती नळ्यांनाही इजा करतात. गळक्या टाकीत मोठा नळ सोडण्यासारखे ते आहे. उलट टोकही तितकेच वाईट: फक्त भात आणि भोपळा देत राहिले तर कुत्र्याचे स्नायू झिजतात, मांड्या आणि डोक्यावरचा भाग बसतो, अल्ब्युमिन आणखी खाली जाते. या खाद्याची खरी किंमत या मधल्या रेषेवर राहण्यात आहे, आणि ती रेषा घरच्या स्वयंपाकघरात अंदाजाने सापडणे कठीण आहे.

प्रत्यक्ष वापराबद्दल. दाणे मध्यम आकाराचे, फिकट तपकिरी, आणि हाताला तेलकट लागतात. मूठभर घेतले तर तळव्यावर चकाकी राहते आणि वास मांसापेक्षा शिळ्या पापडाच्या तेलाकडे झुकणारा येतो. चिंगीने पहिल्या दिवशी हुंगले, एक दाणा उचलून चटईवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. कमी प्रथिने, कमी मीठ, म्हणजे चव कमी. यात कंपनीचा दोष मोठा नाही. उपाय धीराचा आहे. जुन्या खाद्यात रोज थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत, आणि हट्टी जनावर असेल तर त्याहून सावकाश, बदल करावा. दाण्यांवर कोमट पाणी घालून पाच मिनिटे ठेवले की वास उठतो आणि दाणे मऊ होतात. त्याच कंपनीचा ओला पाऊच चमचाभर वर घातला की वाटी रिकामी होते, फक्त पाऊच महाग असल्याने चमच्यावर थांबावे.

एक सूचना थैलीवर कुठेही छापलेली नसते, आणि ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. कुत्र्याला मळमळत असताना, उलट्या होत असताना किंवा दवाखान्यात सलाईन लावलेले असताना हे खाद्य पहिल्यांदा पुढे करू नये. कुत्रे त्या वासाचा आणि मळमळीचा संबंध जोडते आणि मग बरे झाल्यावरही त्या वाटीकडे फिरकत नाही. आमच्या डॉक्टरांनी आधी मळमळीचे औषध देऊन पोट शांत केले आणि त्यानंतरच थैली उघडायला सांगितली. ज्या ओळखीच्यांकडे 'आमचा कुत्रा रीनल तोंडाला लावत नाही' अशी तक्रार आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते आजाराच्या भर दिवसांत, कुत्रे अन्नाकडे पाहतही नसताना पहिल्यांदा दिलेले होते.

वर्षभराच्या अनुभवानंतर खाद्याबद्दल ठाम सांगता येते ते एवढे: वजन टिकले, अंगावरची चमक परत आली, शौच नीट राहिली. प्रथिनगळती त्याने किती कमी केली हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण गोळी आधी सुरू झाली होती आणि आकडा मुख्यतः तिनेच खाली आणला असे दिसते. गोळीनंतरच्या तपासणीत यूपीसी 3.8 वरून 1.9 वर आले. खाद्यावर पूर्ण स्थिरावल्यानंतर 1.2 झाले. यातला दुसरा फरक सगळाच खाद्याचा आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. यूपीसी एकाच कुत्र्यात दिवसागणिक हलते. आकडा मोठा, म्हणजे 12 च्या आसपास, असताना साधारण 35 टक्के, आणि 0.5 च्या आसपास असताना तब्बल 80 टक्के बदल झाला तरच तो खरा बदल मानावा असे अभ्यासकांचे मत आहे. 1.9 वरून 1.2 म्हणजे साधारण 37 टक्के घट, आणि हे आकडे त्या दोन टोकांच्या मधले असल्याने ती कसोटीला उतरते असे खात्रीने म्हणता येत नाही.

म्हणून त्या गोळीबद्दल सविस्तर लिहिते, जरी ती थैलीत मिळत नसली तरी. तिचे नाव टेल्मिसार्टन. माणसांच्या रक्तदाबाची ही गोळी आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक घरात कोणा ना कोणाला चालू असते. मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर पडणारी बारीक रक्तवाहिनी ती सैल करते, त्यामुळे गाळणीतला दाब उतरतो आणि प्रथिने कमी निसटतात. यापूर्वी हेच काम एनालाप्रिल आणि बेनाझेप्रिल करत असत आणि अजूनही अनेक पशुवैद्य तिथूनच सुरुवात करतात. ती पद्धतही मान्य आहे. युरोपात टेल्मिसार्टनचे एक द्रवरूप औषध 2013 पासून मांजरांच्या प्रथिनगळतीसाठी अधिकृत आहे. कुत्र्यांमध्ये ती पशुवैद्यांच्या विवेकाने दिली जाते आणि सुरुवात बहुधा किलोमागे 1 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, अशी होते. आयरिस म्हणजे मूत्रपिंडाच्या पशुवैद्यकांची आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या अभ्यासगटाने 2013 मध्ये ग्लोमेरुलर आजारांसाठी ज्या शिफारशी छापल्या त्यांतही हा दाब उतरवणाऱ्या औषधांचा गट, मूत्रपिंडाचा आहार, ओमेगा-3, रक्तदाबावर ताबा आणि रक्ताच्या गुठळ्यांना प्रतिबंध अशी साखळी आहे. उद्दिष्ट असे ठेवतात की यूपीसी 0.5 च्या खाली यावे, आणि ते जमले नाही तर निदान निम्म्यावर यावे.

किमतीचा विचार केला तर ही तुलना हास्यास्पद होते. खाद्याची दोन किलोची थैली दोन हजार रुपयांच्या घरात पडते आणि वीस किलोच्या कुत्र्याला ती जेमतेम आठवडाभर पुरते. जनऔषधी केंद्रात टेल्मिसार्टनची दहा गोळ्यांची पट्टी वीस रुपयांच्या आत मिळते. ज्याला दोन्ही परवडत नाही त्याने कोणते सोडावे, हे मला वाटते वेगळे सांगायला नको.

गोळी विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. टेल्मिसार्टन 20, 40 आणि 80 मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्यांत मिळते, आणि त्याच नावापुढे 'एच' किंवा 'एएम' अक्षरे लावलेल्या जोडगोळ्यांतही मिळते. 'एच' मध्ये लघवी वाढवणारे औषध असते, 'एएम' मध्ये अॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचे दुसरे औषध. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांनी चिठ्ठी न वाचताच 'एच देऊ ना, घरी तीच जाते' असे विचारले होते. ते सवयीने बोलले, पण कुत्र्याच्या बाबतीत ही चूक पाणी आटवणारी ठरू शकते. पट्टीवरचे पूर्ण नाव वाचूनच पैसे द्यावेत. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. ही गोळी हवेतला ओलावा शोषते, म्हणून ती पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नये, आणि अर्धी तोडून उरलेली अर्धी उद्यासाठी ठेवली तर ठाण्याच्या जुलैत ती सकाळपर्यंत कडा सोडू लागते. आम्ही 20 मिलिग्रॅमचीच गोळी मागवतो, तोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

आणि ही गोळी चालू करून विसरून जायची नसते. सुरुवातीनंतर एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि रक्तदाब पुन्हा पाहावे लागतात, आणि मात्रा वाढवली की पुन्हा. क्रिएटिनिन थोडे चढणे अपेक्षितच असते. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यांत 30 टक्क्यांपर्यंतची चढण सहसा चालवून घेतात, पुढच्या टप्प्यांत तेवढी सवलत नसते. चिंगीचे 1.3 चे 1.5 झाले आणि तिथेच थांबले. पोटॅशियम 6 च्या पुढे जाऊ द्यायचे नाही. कुत्र्याला जुलाब-उलट्या लागून अंगातले पाणी कमी झाले असेल तर गोळी पुढे रेटू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. आणि लंगडतोय म्हणून कपाटातली मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामक गोळी आपल्या मनाने मुळीच देऊ नये, कारण या दोन औषधांची जोडी मूत्रपिंडाला सोसत नाही.

लघवीचा नमुना घरी गोळा करण्याची रीत आमच्या डॉक्टर बाईंनी शिकवली आणि ती कोणत्याही उपकरणाशिवाय जमते. तीन दिवस सकाळची पहिली लघवी, धार सुरू झाल्यावर मधली घ्यायची. मादीसाठी कमी काठाची पसरट स्टीलची ताटली अलगद खाली सरकवायची, नरासाठी लांब दांड्याची पळी चालते. भांडे फक्त पाण्याने धुऊन कोरडे केलेले हवे, साबणाचा अंश नको. प्रत्येक दिवसाची लघवी वेगळ्या बाटलीत, तारखेसह फ्रीजमध्ये ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेला सांगून तिन्हींतून सारखे प्रमाण घेऊन एकत्र मोजायचे. एका दिवसाच्या चढउतारावर आळा बसतो आणि खर्च एकाच तपासणीचा होतो, तो आमच्याकडे हजाराच्या आसपास येतो. 'ताई, प्रयोगशाळा बदलू नका, नाहीतर तुम्ही कुत्रा नाही, मशीन मोजाल,' असे त्यांनी निक्षून सांगितले, आणि त्यामुळेच आमच्या वर्षभराच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करता येते.

रक्तदाब हा या सगळ्यातला दुर्लक्षित भाग. प्रथिने गमावणाऱ्या कुत्र्यांत तो बऱ्याचदा चढलेला असतो आणि चढलेला दाब गळती वाढवतो. वरचा आकडा 140 च्या खाली असावा, 160 च्या पुढे गेला की उपचार करावा लागतो. चिंगीचा 170 होता आणि आता 145 च्या आसपास फिरतो. माणसांचे घरगुती यंत्र इथे निरुपयोगी आहे. ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारे डॉप्लरचे यंत्र, योग्य मापाचा पट्टा, शांत खोली आणि पहिले मोजमाप सोडून देऊन पुढच्या पाच-सातांची सरासरी काढायचा धीर, एवढे असेल तरच आकडा खरा. दवाखाना निवडताना मी आता हाच प्रश्न आधी विचारते. आम्ही पूर्वी जिथे जात होतो तिथे असे यंत्र नव्हते, आणि त्याहून खेदाची गोष्ट म्हणजे ते नसल्याचे आम्हाला कोणी सांगितलेही नाही. दर भेटीला रीनल थैली मात्र न विसरता बिलात चढत होती.

अल्ब्युमिन फार खाली गेले की रक्ताच्या गुठळ्यांचा धोका उभा राहतो, कारण गाळणीतून अल्ब्युमिनबरोबर गुठळी रोखणारी प्रथिनेही वाहून जातात. त्यासाठी क्लोपिडोग्रेल देतात. ती गोळी कमालीची कडू असते. तुकडा केल्यावर केळ्याच्या किंवा भाताच्या गोळ्यात लपवावी, नुसती खाद्याच्या वाटीत टाकू नये, नाहीतर खाद्यावरचा राग वाढतो.

ज्यांना थैली परवडत नाही किंवा ज्यांचे कुत्रे ती खातच नाही, त्यांच्यासाठी घरचे अन्न हा खरा पर्याय आहे, पण तो पशुवैद्यांकडून तोलून लिहून घेतलेला हवा. अंड्याचा पांढरा भाग चांगल्या प्रथिनांचा आणि कमी फॉस्फरसचा. पिवळ्यात फॉस्फरस भरपूर, म्हणून तो मोजूनच. भात, भोपळा, थोडे तेल किंवा तूप, माशाच्या तेलाची कॅप्सूल, आणि हाडे-दूध टाळलेले असल्याने कॅल्शियमची पूड वेगळी लागते. ती विसरली जाते आणि मग हाडांचे वेगळेच प्रकरण उभे राहते. खाटिकाकडची कलेजी, हाडे, वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या यांनी आठवडाभराचे पथ्य एका दुपारी मोडते. त्या मानाने शेजारच्या आजोबांचे अर्धे ग्लुकोज बिस्कीट मी आता पाहूनही न पाहिल्यासारखे करते. पुनर्नवा-गोखरूची सिरपे पुष्कळ खपतात. ती दिल्याने यूपीसी खाली आल्याचे मला तरी कुठल्याच कागदावर दिसलेले नाही, आणि त्या बाटल्यांच्या पैशात वर्षातून दोन तपासण्या सहज होतात.

खाद्याबद्दलची एक तक्रार विक्रीची आहे. ऑनलाइन मागवलेली एक थैली मुदत संपायला जेमतेम दोन महिने उरलेली आली, आणि तिचे तेल खवट होऊ लागले होते. विक्रेत्याने बदलून दिली, पण फोटो, पावती आणि तीन-चार निरोपांनंतर. जास्त चरबीचे खाद्य लवकर बिघडते, म्हणून मोठ्या थैलीची सवलत लहान कुत्र्याला महागातच पडते. उघडलेली थैली तिच्याच कागदात घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावी, दाणे डब्यात ओतू नयेत. आतल्या अस्तरामुळे तेल टिकते, शिवाय मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक समोर राहतो.

पिल्लांना, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला हे खाद्य चालत नाही. स्वादुपिंडाला सूज आलेल्या किंवा पूर्वी येऊन गेलेल्या कुत्र्याला यातली चरबी सोसणार नाही, त्याच्यासाठी डॉक्टरांना दुसरा मार्ग विचारावा. घरात दुसरे निरोगी कुत्रे असेल तर वाट्या वेगळ्या आणि वेळाही वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण निरोगी कुत्र्याला रीनल दाणे कमी पडतात आणि आजारी कुत्र्याला त्याचे दाणे जास्त होतात. ज्यांचे यूपीसी एकदाही मोजलेले नाही, केवळ वय झाले किंवा क्रिएटिनिन किंचित वर दिसले म्हणून ज्यांना थैली सुचवली गेली आहे, त्यांनी ती घेण्याआधी लघवीची बाटली प्रयोगशाळेत पाठवावी. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढे दिवस जुनेच खाद्य चालू ठेवल्याने काही बिघडत नाही.